मिक्स टेप : फीत गेली, शब्द उरला

संगीतविषयक लेखनात ‘मिक्स टेप’ हा शब्द वारंवार भेटतो. मात्र तो वापरणाऱ्या बहुतेकांच्या घरी आता टेप नाही आणि ती वाजविणारे यंत्रही नाही. मूळ वस्तू वापरातून गेल्यावरही शब्द टिकून राहिला, इतकेच नव्हे तर त्याला नवे अर्थ फुटले. आज या शब्दाचे किमान तीन अर्थ प्रचलित आहेत. पहिल्या अर्थाने मिक्स टेप ही विकण्याची वस्तूच नव्हे. दुसऱ्या अर्थाने ती पदपथावर विकली जात असे आणि तिच्यापायी काहींना अटकही झाली. तिसऱ्या अर्थाने तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला आहे.

मूळ अर्थ

निरनिराळ्या ध्वनिमुद्रिकांतील वा रेडिओवरील गाणी आपल्या पसंतीने निवडून, आपल्याला हव्या त्या क्रमाने एका कॅसेटवर भरणे, म्हणजे मिक्स टेप तयार करणे होय. येथे ‘मिक्स’चा अर्थ ‘निवडक, मिश्र’ एवढाच आहे. स्टुडिओत वाद्ये व आवाज यांचा मेळ घालण्याच्या ‘मिक्सिंग’शी किंवा जुन्या गाण्याला नवा ठेका देणाऱ्या ‘रीमिक्स’शी त्याची गल्लत करू नये. कंपनीने रीतसर परवानगी घेऊन बाजारात आणलेला निवडक गाण्यांचा संग्रहही मिक्स टेप ठरत नाही. तो ‘कंपिलेशन’.

ही कल्पना शक्य केली ती कॅसेटने. लू ऑटेन्स यांच्या नेतृत्वाखाली ‘फिलिप्स’ने विकसित केलेली कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात प्रथम मांडण्यात आली. कंपनीने हे तंत्र इतर उत्पादकांनाही विनामूल्य वापरू दिल्याने ते जगभर पसरले. ग्रामोफोनची तबकडी श्रोत्याला केवळ ऐकता येई. कॅसेटवर त्याला स्वतः ध्वनिमुद्रण करता येऊ लागले. १९७९ मध्ये ‘सोनी’चा वॉकमन आला आणि ही खासगी निवड खिशात घालून हिंडणेही शक्य झाले.

कॅसेटच्या मर्यादांनीच मिक्स टेपला शिस्त लावली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. त्यात पाच मिनिटांची सहा गाणी बसत. हिशेब चुकला तर शेवटचे गाणे मध्येच तुटे. साध्या यंत्रावर तासाभराची कॅसेट भरायला निदान तासभर बसावेच लागे. त्यामुळे अशी कॅसेट कुणाला भेट देणे म्हणजे आपला वेळ देणे होते. कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडली की तिच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण होत नसे आणि आपण लावलेला क्रम कायम राहत असे. निक हॉर्न्बी यांच्या ‘हाय फिडेलिटी’ या १९९५ च्या कादंबरीने या छंदाला साहित्यातही स्थान मिळवून दिले.

आपल्याकडे ‘भरून घेतलेली’ कॅसेट

महाराष्ट्रातील शहरांत हा शब्द फारसा रुळला नव्हता, पण वस्तू मात्र परिचयाची होती. गाण्यांची यादी व कोरी कॅसेट दुकानदाराकडे द्यायची आणि काही दिवसांनी ती ‘भरून’ आणायची, ही ऐंशी-नव्वदच्या दशकांतील सर्रास पद्धत होती. फरक एवढाच की, निवड श्रोत्याची असली तरी मोबदला घेऊन प्रत काढणारा दुकानदार असे. विनापरवाना केलेला हा व्यवसाय कॉपीराइट कायद्याचा भंग ठरत होता. १९८४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन अशा गुन्ह्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली.

पाश्चात्य देशांतही हा वाद होताच. ब्रिटनमधील ध्वनिमुद्रिका उद्योगाच्या संघटनेने १९८१ मध्ये ‘घरगुती ध्वनिमुद्रण संगीताचा जीव घेत आहे’ अशा आशयाची मोहीम उघडली. तिच्या बोधचिन्हात कवटीच्या जागी कॅसेट होती. अमेरिकेने १९९२ च्या कायद्याने निराळी वाट धरली. बिगर-व्यापारी घरगुती ध्वनिमुद्रणासाठी ग्राहकावर कॉपीराइटभंगाचा दावा लावता येणार नाही, असे ठरले. त्याच्या बदल्यात डिजिटल ध्वनिमुद्रण यंत्रे व त्यांच्या कोऱ्या फितींवर स्वामित्वशुल्क बसविण्यात आले.

डीजेची टेप

दुसऱ्या अर्थाचा उगम न्यूयॉर्कमध्ये आहे. ब्रॉन्क्स भागात १९७३ पासून डीजे कूल हर्क आणि त्यांच्यामागून आलेल्या वादकांनी मेजवान्यांमध्ये तबकड्यांचा खेळ करून ‘हिप-हॉप’ची पायाभरणी केली. त्यांच्या कार्यक्रमांच्या कॅसेट हातोहाती फिरू लागल्या व पुढे विकल्याही जाऊ लागल्या. रेडिओ केंद्रे व कंपन्या या संगीताकडे फिरकत नसताना त्याचा प्रसार या टेपनीच केला. येथे ‘मिक्स’ला दुसरी छटा आली : एका गाण्यातून दुसऱ्यात अखंड नेणारी डीजेची कारागिरी.

नव्वदच्या दशकात डीजे अप्रकाशित गाणी मिळवून टेपवर देऊ लागले. मग कॅसेटची जागा सीडीने घेतली, नाव तेच राहिले. कंपनीने करार मोडलेल्या फिफ्टी सेंट या रॅपरने २००२ मध्ये इतरांच्या गाण्यांच्या ठेक्यांवर स्वतःचे शब्द म्हणत मिक्सटेप काढल्या. त्यातूनच त्याला नवा करार मिळाला आणि २००३ चा त्याचा अल्बम प्रचंड खपला.

हा व्यवहार कायद्याच्या सीमेवर चाले. अनेक कंपन्या नव्या गायकांच्या प्रसिद्धीसाठी डीजेंना स्वतःहून गाणी पुरवीत, मात्र लेखी परवानगीचा पत्ता नसे. जानेवारी २००७ मध्ये अटलांटा येथे डीजे ड्रामा यांच्या कार्यालयावर पोलिसांनी छापा घातला, हजारो सीडी जप्त केल्या आणि त्यांना व सहकारी डॉन कॅनन यांना अटक केली. या कारवाईत अमेरिकी ध्वनिमुद्रिका उद्योगाच्या संघटनेचा सहभाग होता. ज्या उद्योगाला या टेपचा लाभ होत होता, त्याच्याच संघटनेने कारवाईला हातभार लावावा, ही विसंगती तेव्हा चर्चेचा विषय ठरली.

आजचा अर्थ

यानंतर मिक्सटेप इंटरनेटवर आल्या. ड्रेकने २००९ मध्ये ‘सो फार गॉन’ प्रथम विनामूल्य दिली. पुढे इतरांचे ठेके उसने घेणेही मागे पडले आणि ‘कंपनीच्या अधिकृत अल्बमइतकी औपचारिक नसलेली, कलावंताची स्वतःची निर्मिती’ असा तिसरा अर्थ रूढ झाला. चान्स द रॅपरची ‘कलरिंग बुक’ ही २०१६ ची मिक्सटेप केवळ स्ट्रीमिंगद्वारे उपलब्ध होती. तिला फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा ग्रॅमी मिळाला. भारतात दिल्लीच्या ‘सीधे मौत’ या जोडीने २०२३ मध्ये ‘लंच ब्रेक’ प्रसिद्ध केली, तीही मिक्सटेप म्हणूनच.

इंग्रजीत या अर्थभेदाची खूण लेखनातही दिसते. खासगी भेटीच्या कॅसेटसाठी अनेकदा दोन सुटे शब्द, तर हिप-हॉपच्या प्रकारासाठी बहुधा जोडशब्द वापरला जातो. हा काटेकोर नियम नसला तरी मराठीत ‘मिक्स टेप’ आणि ‘मिक्सटेप’ असा भेद पाळल्यास वाचकाची सोय होईल. ‘प्लेलिस्ट’ला सरसकट मिक्स टेप म्हणणे मात्र योग्य नव्हे. प्लेलिस्ट कितीही लांबविता येते, तिचा क्रम ऐकणारा केव्हाही मोडू शकतो आणि ती पुष्कळदा संगणकच तयार करतो. मिक्स टेपच्या तिन्ही अर्थांत काय ऐकवायचे व कोणत्या क्रमाने, हे कंपनीच्या चौकटीबाहेर राहून कोणीतरी एकाने ठरविलेले असते. फीत जाऊनही शब्द टिकला, तो बहुधा याच कारणाने.