ज्वारी : अवयव व त्यांची कार्ये

ज्वारी (सॉर्घम बायकलर) ही तृणकुलातील वर्षायू वनस्पती. मूळ, खोड, पान, फूल, फळ हे वनस्पतीचे अवयव एकाच झाडावर समजून घ्यायचे, तर रब्बी ज्वारीच्या ताटाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. सोलापूर, बीडकडे पावसाळा सरताना पेरलेले हे पीक बहुतांशी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. त्यामुळे तिथे प्रत्येक अवयव पाण्याशी कसा वागतो, हे उघड दिसते.

बी रुजताना एकच आदिमूळ निघते. पुढे खोडाच्या बुडाच्या पेऱ्यांतून तंतुमय मुळांचा जुडगा फुटतो आणि झाडाचा भार तोच पेलतो. भारी जमिनीत ही मुळे दीड मीटरपर्यंत, कधी त्याहूनही खोल जातात. पाणी व क्षार शिरतात ते त्यांच्या टोकांमागच्या मूलरोमांतून. जमिनीलगतच्या पेऱ्यांवरची जाड आधारमुळे ताटाला वाऱ्यात लोळू देत नाहीत. टारफुला हे परोपजीवी तण मात्र याच मुळांना चिकटून ज्वारीचे अन्नपाणी पळवते.

खोड भरीव, पेरे आणि कांडे यांनी बनलेले. त्यातील जलवाहिन्या पाणी वर नेतात, तर रसवाहिन्या पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे व दाण्यांकडे पोचवतात. कांड्यावर बोट फिरवले की पांढरी भुकटी बोटाला लागते. ते मेण असून ओल उडून जाऊ देत नाही. वाढीचा कोंब पहिला महिनाभर जमिनीलगत, पोंग्याच्या आत दडलेला असतो. खोडमाशीच्या अळीने तो कुरतडला की मधले पान सुकते. शेतकरी याला पोंगेमर म्हणतात. अशा वेळी बुडाचे डोळे जागे होऊन फुटवे येतात.

पानाचा खालचा भाग खोडाला वेढून असतो, वरचा म्हणजे पाते. मधली शीर पांढरी असेल तर ताट बहुधा कोरडे, मळकट हिरवी असेल तर रसाळ. पर्णरंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण त्याच वाटेने वाफही बाहेर पडते. ज्वारी हा वायू शिरांभोवतीच्या पेशींत दाटवून घेते, त्यामुळे रंध्रे फारशी न उघडताही तिचे अन्न तयार होते. कडक ऊन व ताण असला की पाती गुंडाळली जातात आणि बाष्पोत्सर्जन आणखी घटते. कोवळ्या किंवा ताणाखालच्या पानांत धुरिन हे द्रव्य जास्त असते. जनावराने ती खाल्ली की पोटात सायनाइड सुटते. ही विषबाधा (किराळ) जीवघेणी ठरते, म्हणून कोवळी ज्वारी चरू देऊ नये.

पीक पोटरीत येते (कणीस वरच्या पानाच्या वेढ्यात फुगते), मग निसवते (ते बाहेर पडते). कणसावर कणिशके जोडीने असतात. त्यांतील बिनदेठाचे दाणा धरते, देठाचे सहसा वांझ किंवा नर. फुलोरा शेंड्याकडून खाली उमलतो. परागण बहुतांशी स्वतःच्याच परागांनी होते.

ज्वारीचा दाणा म्हणजे एकबीजी फळच. फळाची साल बीजाला चिकटलेली असते. आत पिठूळ साठा व एका बाजूला अंकुर. दाण्याचा चीक दाटून तो मऊ झाला की हुरडा. बुडाशी काळा ठिपका आला की दाण्यात अन्न येणे थांबते व पीक काढणीला येते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात अजून टिकून आहे ती दाण्यासाठी आणि कडब्यासाठीही. कणसे खुडल्यावर उरलेली ताटे आणि पाने (कडबा) दुष्काळी भागात जनावरांचा वर्षाचा चारा होतात.