छबिलदास : शाळेच्या सभागृहातील नाट्यपर्व

दादर स्थानकाच्या पश्चिमेस, आज बटाटेवड्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या गल्लीत छबिलदास मुलांची शाळा आहे. १९७४ पासून दीड दशकाहून अधिक काळ मराठी प्रायोगिक रंगभूमीचा पत्ता हाच होता.

त्यापूर्वीचा इतिहास जागेच्या शोधाचा आहे. वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई यांच्या वास्तूत अल्काझींची नाटके, रविशंकरांची संगीतशाळा आणि हुसेन, गायतोंडे यांचे स्टुडिओ एकत्र नांदत. ते केंद्र बंद पडले, वास्तूही पाडली गेली. विजया मेहतांच्या ‘रंगायन’मध्ये फूट पडली. तेथून बाहेर पडलेल्या अरविंद व सुलभा देशपांडे, विजय तेंडुलकर प्रभृतींनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ स्थापन केली. नाटककार होते, नट होते. परवडणारे नाट्यगृह मात्र नव्हते.

छबिलदासची वास्तू सुलभाताईंना परकी नव्हती. त्या याच शाळेत शिक्षिका होत्या. पण ते अखेर शाळेचे सभागृह. व्यावसायिक रंगमंचाची यंत्रणा तेथे नव्हती, आणि रस्त्यावरचा गोंगाट थेट संवादांत मिसळे. दिवाणखान्याचा भरजरी सेट येथे निरुपयोगीच ठरला असता. प्रेक्षक हाताच्या अंतरावर बसत, त्यामुळे आवाज चढवून अभिनय करणे हास्यास्पद वाटे. या नाटकांच्या साध्या मांडणीचे श्रेय समीक्षक पाश्चात्त्य प्रभावाला देतात. त्यात तथ्य असले, तरी सभागृहाच्या गरिबीचाही वाटा मोठा होता.

न्यूयॉर्कमध्ये एलन स्ट्यूअर्ट यांनी १९६१ मध्ये ‘ला मामा’ सुरू केले तेही एका तळघरात.

‘आविष्कार’ने हे सभागृह स्वतःपुरते राखले नाही, ही बाब सर्वांत महत्त्वाची. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर, अच्युत वझे अशा भिन्न प्रकृतीच्या रंगकर्मींना येथे अवकाश मिळाला. म्हणूनच ‘छबिलदास’ हे संस्थेचे नव्हे, चळवळीचे नाव झाले. या साऱ्यामागे अरुण काकडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचे पडद्याआडचे श्रम होते. नाट्येतिहासात त्यांना फार तर एखादी ओळ मिळते.

१९८७ मध्ये अरविंद देशपांडे यांचे निधन झाले. सभागृह हक्काचे नव्हते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तेही सुटले. ‘आविष्कार’ माहीमला गेली, तीही महापालिकेच्या एका शाळेत.