मिठागरापासून तरणतलावापर्यंत

मुलुंडहून घाटकोपरकडे पूर्व द्रुतगती महामार्गाने येताना डाव्या हाताला मिठागरांचे चौकोन दिसतात. अनेक आगरांत मीठ पिकणे आता थांबले आहे, पण बांध आणि खाचरे ओळखू येतात. याच उपनगरांत क्रीडासंकुले आहेत, मोठ्या गृहसंकुलांचे तलाव आहेत, आणि अलीकडे त्यांतल्या काहींच्या जाहिरातीत 'मिठाच्या पाण्याचा, क्लोरीनमुक्त तलाव' असे शब्द आढळतात. विद्यार्थ्यांनी विचारले तर या वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आणि दुसरा चूक, असे सांगावे. या तलावातही क्लोरीनच असतो. फक्त तो बाहेरून आणलेला नसून तिथेच मिठापासून तयार केलेला असतो.

हे करणाऱ्या यंत्राला सॉल्ट क्लोरिनेटर म्हणतात. तलावाच्या पाण्यात लिटरला सुमारे ३ ते ४ ग्रॅम मीठ विरघळवतात. समुद्राच्या पाण्यात सर्व क्षार मिळून लिटरला सुमारे ३५ ग्रॅम असतात, म्हणजे हे प्रमाण त्याच्या साधारण एक दशांश झाले. गाळणीतून परत येणारे पाणी धातूच्या पट्ट्यांच्या एका घटातून जाते आणि तेथे त्यातून वीज सोडतात. धनाग्रावर क्लोरीन, ऋणाग्रावर हायड्रोजन व अल्कली तयार होते, आणि ती पाण्यात लगेच मिसळून सोडियम हायपोक्लोराइट बनते. जंतू मारून झाल्यावर क्लोरीनचा पुन्हा क्लोराइड होतो. त्यामुळे मीठ संपत नाही. ते कमी होते ते उडालेल्या पाण्याबरोबर, गाळणी उलटी धुताना आणि पावसात.

यातली मूळ कल्पना फार जुनी आहे. व्होल्टाची विद्युतचिती १८०० साली जाहीर झाली आणि जवळपास लगेचच इंग्लंडमध्ये विल्यम क्रुकशँक याने मिठाच्या पाण्यातून वीज सोडून पाहिली. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे हेही तेव्हा ठरलेले नव्हते. ते हम्फ्री डेव्हीने १८१० साली मांडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डायनामो आल्यावर स्वस्त वीज मिळू लागली आणि कल्पना कारखान्यात शिरली.

फ्रान्सच्या यूजीन एर्मीतने १८९० नंतरच्या काळात समुद्राच्या पाण्याचे विद्युत-अपघटन करून मिळालेले द्रव शहराच्या निर्जंतुकीकरणासाठी वापरण्याची पद्धत मांडली. ल हाव्र या बंदरात आणि इंग्लंडच्या वर्थिंग या किनाऱ्यावरच्या गावात तिचे प्रयोग झाले. वर्थिंगमध्ये १८९३ साली विषमज्वराची मोठी साथ आली होती, त्यामुळे तिथे या प्रयोगाकडे लोकांचे डोळे लागले असल्यास नवल नाही. एर्मीतच्या घटातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्याची धनाग्रे प्लॅटिनमची होती, आणि ऋणाग्रे म्हणजे जस्ताच्या सावकाश फिरणाऱ्या तबकड्या. त्यांवर सतत घासत राहतील अशी एबोनाइटची पाती बसवलेली असत. पाती कशासाठी? तबकड्यांवर साचणारा थर खरवडण्यासाठी. म्हणजे क्लोरिनेटरच्या देखभालीतल्या दोन्ही अडचणी, महाग धनाग्र आणि पुटे धरणारे ऋणाग्र, त्या पहिल्याच यंत्रात उघड झाल्या होत्या.

पुटांचे कारण समजायला पुन्हा मिठागरात यावे लागते. समुद्राचे पाणी उन्हात आटवले की क्षार एकाच वेळी खाली बसत नाहीत. त्यांचा क्रम १८४९ साली युसिलिओ याने भूमध्य समुद्राच्या पाण्यावर प्रयोग करून नोंदवला. आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, त्यानंतर मीठ, आणि सर्वांत शेवटी मॅग्नेशियमचे क्षार. मिठाचे स्फटिक पाण्याची घनता सुमारे २५ बोमे अंश झाली की धरू लागतात. २९–३० अंशांच्या पुढे मॅग्नेशियम येऊ लागते, म्हणून उरलेले कडू पाणी सोडून द्यायचे असते. कुठल्या खाचरातले पाणी केव्हा पुढे घ्यायचे आणि केव्हा सोडायचे, हे मिठागरातल्या माणसांना या आकड्यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याला छावणी होती आणि समुद्राच्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला गेला. असे पाणी भांड्यात शेवटच्या थेंबापर्यंत आटवले तर मिठाबरोबर मॅग्नेशियमही भांड्यात उरते आणि मीठ कडवट लागते.

आगर जे मागे सोडते तेच क्लोरिनेटरच्या ऋणाग्रावर येऊन बसते. ऋणाग्राजवळ अल्कली तयार होत असल्याने तेथील सामू बराच वाढतो आणि पाण्यातले कॅल्शियम कार्बोनेटच्या, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या रूपाने पट्टीला चिकटते. त्यामुळे तलावात कच्चे जाडे मीठ न टाकता शुद्ध केलेले मीठ टाकतात. भांडुपच्या आगराशेजारच्या तलावातही पिशवी येते ती शुद्ध मिठाचीच! आपल्याकडे आणखी एक तपशील लक्षात घ्यावा लागतो. धरणांतून येणारे महापालिकेचे पाणी तसे मृदू असते, पण टंचाईत टँकरचे किंवा कूपनलिकेचे कठीण पाणी भरले की पुटे झपाट्याने वाढतात.

एर्मीतच्या पात्यांचे काम आजचे यंत्र विजेची दिशा ठरावीक तासांनी उलटी करून करते. ऋणाग्र थोडा वेळ धनाग्र होते आणि थर सुटतो. तेवढ्याने भागले नाही तर घट काढून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतात. इथे दोन ठिकाणी चूक होते. आम्ल नेहमी पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नव्हे. आणि ते हायपोक्लोराइटच्या किंवा टीसीएल पावडरच्या जवळपासही नेायचे नाही, कारण दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. वारंवार आम्लाने धुतल्यास पट्टीवरचा लेपही झिजतो, आणि घटात सर्वांत महाग वस्तू तोच असतो.

या लेपाचा शोध लागेपर्यंत ही पद्धत तलावापर्यंत पोचणे कठीण होते. प्लॅटिनम परवडत नसे, ग्रॅफाइट झिजून पाणी काळे करी. टिटॅनियम गंजत नाही, पण धनाग्र केले की त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि वीजच थांबते. हेन्री बीअरने १९६५ च्या सुमारास टिटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा लेप देण्याचे पेटंट मिळवले. लेपातून वीज वाहते, आणि लेपाला कुठे चीर गेलीच तर खालचा टिटॅनियम स्वतःवर पापुद्रा धरून वाचतो. आपल्या देशात कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेने अशा धनाग्रांवर काम केले. त्यानंतरच्या दीड-दोन दशकांत, प्रथम ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे, मिठाचे तरणतलाव रूढ झाले. क्रुकशँकच्या प्रयोगापासून मोजले तर पावणेदोनशे वर्षे!

मोठ्या तलावाला किती वीज लागते याचे गणित वर्गात करण्याजोगे आहे. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद, २ मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावते. लिटरला साडेतीन ग्रॅम धरले तर पावणेनऊ टन मीठ लागेल. क्लोरीन लिटरला १ मिलिग्रॅमने वाढवायचा तर अडीच किलो हवा. फॅरडेच्या नियमाने १ अँपिअर-तासाला सुमारे १.३२ ग्रॅम क्लोरीन मिळतो, तेव्हा जवळपास १९०० अँपिअर-तास होतात. १०० अँपिअर प्रवाह एकाच जोडीतून नेला तर १९ तास, एकामागोमाग दहा जोड्यांतून नेला तर दोन तासांच्या आत. प्रत्यक्षात थोडी वीज पाण्यातून ऑक्सिजन काढण्यात वाया जाते. मीठ कमी पडले की हा वाटा वाढतो आणि लेपाचे आयुष्य घटते.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा क्लोरीनची टाकी आणणे सोपे नाही का? १४ जुलै २०१० रोजी शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या टाक्यांपैकी एकीतून क्लोरीन गळला आणि शंभरावर माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. वस्तीच्या मध्यावर, पोहणाऱ्या मुलांच्या भिंतीपलीकडे अशी टाकी ठेवणे कुणालाही नको वाटेल. क्लोरिनेटरमध्ये साठा नसतो, हा त्याचा खरा गुण. धोका मात्र अजिबात नाही असे नाही. पंप बंद पडून वीज चालू राहिली तर घटात हायड्रोजन साचतो. प्रवाह थांबताच वीज तोडणारा स्विच त्यासाठीच असतो, आणि तो चालतो की नाही हे पंप मुद्दाम बंद करून अधूनमधून पाहावे लागते. सामूही रोज तपासावा लागतो, कारण या पद्धतीत तो हळूहळू चढत जातो. ७.२ ते ७.६ च्या वर गेला की क्लोरीन असूनही त्याची मारकशक्ती घटते.

उपनगरातल्या उघड्या तलावाची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. सांताक्रूझला मोसमात सरासरी सव्वादोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे तलावाच्या खोलीपेक्षाही जास्त. २६ जुलै २००५ रोजी तेथे ९४४ मिलिमीटर पडला. दोन मीटर खोल तलावात तेवढे पाणी पूर्ण मिसळत जाऊन काठावरून वाहून गेले असे धरले, तर लिटरला साडेतीन ग्रॅम असलेले मीठ एका दिवसात सुमारे २.२ ग्रॅमवर येते. अशा वेळी यंत्र धोक्याचा दिवा लावते, आणि देखभाल करणाऱ्याला आधी घट बंद करून, मीठ मोजून, मगच नव्या पिशव्या उघडाव्या लागतात. पंचवीस लाख लिटरच्या तलावात ती तूट सव्वातीन टनांची असते.