मुन्शी घाट आणि अद्वैताची कसोटी

काशीच्या दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेस चालू लागले, की शीतला घाट व अहिल्याबाई घाट ओलांडल्यावर एक उंच, भक्कम दगडी वाडा दृष्टीस पडतो. त्याच्या पायथ्याशी मुन्शी घाट. वाराणसीत ज्यांची बदली झाली आहे असे आमचे अनेक वाचक या पायऱ्यांवरून गेले असतील, पण हा मुन्शी कोण, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. नावावरून तो लखनौकडचा कोणी कायस्थ असावा असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तो आपल्यापैकीच होता. श्रीधर नारायण मुन्शी हे नागपूरकर भोसल्यांचे कारभारी. त्यांनी १८१२ साली हा घाट व त्यावरील वाडा चुनारच्या वालुकाश्मात बांधविला. तेव्हा नागपूरच्या गादीवर दुसरे रघूजी भोसले होते. १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक आणि वऱ्हाड गमावून नऊ वर्षे लोटली होती. राज्य आकसत असता त्याचा कारभारी गंगेच्या काठी दगड बसवीत होता, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला थोडी खिन्न करणारी खरी. पण त्या काळच्या मराठी मुत्सद्द्याला आयुष्याचा शेवटचा हिशेब काशीतच चुकता करावयाचा असे. अहिल्याबाईंचा घाट शेजारीच आहे. भोसल्यांचा स्वतंत्र घाट उत्तरेकडे आहे, शिंद्यांचाही आहे. काशीचा नदीकाठ हा मराठ्यांच्या वैभवाचा जणू दगडात लिहिलेला जमाखर्च आहे.

परंतु काशीला येणारा माणूस घाट बांधण्यासाठी येत नसे. निदान तसे कबूल करीत नसे. तो येई मोक्षासाठी. आणि काशीच्या पंडितांनी मोक्षाचा जो अर्थ शतकानुशतके शिकविला, तो म्हणजे जीव आणि ब्रह्म यांचे ऐक्य. सर्व भूतांत एकच चैतन्य आहे याचा केवळ शब्दार्थ नव्हे, तर प्रत्यक्ष प्रत्यय. हा प्रत्यय कोणाला आला, हे बाहेरून कसे ओळखावे? डोळे मिटून बसलेल्याच्या अंतरात काय घडले याची साक्ष देणारा कोणी नसतो. म्हणून आम्हांला वाटते, काशीच्या परंपरेने याची कसोटी ध्यानाच्या खोलीत न ठेवता रस्त्यावर ठेवली, हे तिचे मोठे शहाणपण.

शंकराचार्यांची कथा सर्वश्रुत आहे. काशीच्या वाटेवर समोरून चांडाळ आला, आचार्यांनी ‘दूर हो’ म्हटले, आणि त्याने विचारले की दूर कोणी व्हावयाचे, या देहाने की आतल्या चैतन्याने? त्या प्रश्नातून ‘मनीषापंचक’ निघाले असे परंपरा मानते. कथा ऐतिहासिक आहे की नाही हा वाद आम्ही बाजूस ठेवतो. अद्वैताच्या सर्वश्रेष्ठ आचार्याला त्याच्याच सिद्धान्ताची परीक्षा द्यावयास लावणारी कथा त्याच्या अनुयायांनीच जपून ठेवली, एवढे आमच्या प्रयोजनास पुरेसे आहे.

दुसरी कथा आपल्या घरची. पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरील आपली प्राकृत टीका पैठणात आरंभिली व १५७३ साली कार्तिकी पौर्णिमेस काशीत पूर्ण केली. त्याच सुमारास पैठणहूनच येऊन काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्ट हे तेथील पंडितसभेचे मुकुटमणी होते. विश्वेश्वराच्या मंदिराचा १५८५ च्या सुमाराचा जीर्णोद्धार त्यांच्याच नावावर आहे. एकाच गावाने काशीला एक धर्मशास्त्री दिला आणि एक संत, हा योगायोग आम्हांला नेहमीच मोहक वाटत आला आहे. पण महाराष्ट्राला नाथांचे जे स्मरण सर्वांत आधी होते ते ग्रंथाचे नव्हे, गाढवाचे. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वरास नेत असता वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि नाथांनी ती कावड त्याच्या मुखी रिती केली. वाळवंटातले ते पाणी रामेश्वरालाच पोचले, असे त्यांचे म्हणणे होते. अकराव्या स्कंधाची हजारो ओव्यांची टीका एका पारड्यात घातली, तर दुसऱ्या पारड्यात ही एक कावड पुरते.

आता मुन्शी घाटाकडे परत वळू. १९१५ साली हा वाडा दरभंग्याचे महाराज रामेश्वरसिंह यांनी विकत घेतला, आणि घाटाच्या एका भागास दरभंगा घाट हे नाव पडले. (आज त्या वाड्यात धनिक प्रवाशांसाठी हॉटेल आहे.) पुढच्याच वर्षी, १९१६ च्या फेब्रुवारीत, हिंदू विश्वविद्यालयाच्या कोनशिला-समारंभाच्या निमित्ताने काशीत राजेरजवाड्यांची दाटी झाली. त्या दिवसांतल्या एका सभेत गांधींनी भाषण केले. आदल्या संध्याकाळी पाहिलेल्या विश्वनाथाच्या गल्लीतील घाण त्यांनी सभेपुढे मांडली. हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या राजांना, हे दागिने उतरून देशबांधवांचे विश्वस्त म्हणून ठेवा, असे सांगितले. ॲनी बेझंट यांनी त्यांना थांबविले, राजे उठून गेले आणि सभा मोडली. सभेचे अध्यक्ष कोण होते? दरभंग्याचेच महाराज. मुन्शी घाटावरील वाड्याचा नवा धनी त्या दिवशी ज्या आसनावरून उठला, त्याच्यासमोर उच्चारलेले शब्द एका मराठी तरुणाचे आयुष्य फिरविणार होते.

तो तरुण म्हणजे कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचे विनायक नरहर भावे. २५ मार्च १९१६ रोजी वीस वर्षांचे विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेस उतरले आणि काशीची वाट धरली. ब्रह्मजिज्ञासा हा एकच हेतू. अन्नछत्रात एक वेळ जेवण मिळे व वर दोन पैसे दक्षिणा. त्यांतून एका पैशाचे दही आणि एका पैशाची रताळी घेऊन रात्रीची सोय होई. संध्याकाळी गंगेच्या काठी बसून कविता रचावी आणि मनासारखी उतरली की ती गंगेलाच अर्पण करावी, असा क्रम. सरकारी नोकरीच्या पहिल्या वर्षी परगावच्या खाणावळीत महिना काढलेल्या आमच्या वाचकांना या दिवसांची चव वेगळी सांगावयास नको. फरक एवढाच की त्यांना पुढच्या महिन्याच्या पगाराची आशा होती.

येथे एके दिवशी अद्वैती आणि द्वैती पंडितांचा वाद झाला व अद्वैत्याचा जय घोषित झाला. विनोबा उठले आणि म्हणाले की हरला तो अद्वैतीच. ज्याला दुसरा कोणी दिसतच नाही, तो वादाला उभा कोणाशी राहील? श्रोत्यांना हा पोराचा चहाटळपणा वाटला असल्यास नवल नाही. आमच्या मते त्या भरसभेतील सर्वांत गंभीर वाक्य तेच होते. बडोद्याहून बरोबर आलेला एक मित्र त्याच दिवसांत आजारी पडून काशीत निवर्तला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला अग्नी विनोबांनीच दिला. शास्त्रार्थातले ऐक्य आणि चितेपुढचे ऐक्य या दोहोंची ओळख त्यांना एकाच महिन्या-दोन महिन्यांत झाली.

काशीतून हिमालयात जावे की क्रांतिकारकांच्या बंगालात, अशी त्यांच्या मनाची ओढाताण होती. शहरात गांधींच्या भाषणाची चर्चा अद्याप चालू होती. विनोबांनी पत्र लिहून शंका विचारल्या. उत्तर आले की पत्राने हे सुटणार नाही, येऊन भेटा. ७ जून १९१६ रोजी ते कोचरबच्या आश्रमात पोचले. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती ही दोन्ही आपल्याला तेथे एकत्र मिळाली, असे ते पुढे सांगत.

नाथांनी काशीत ज्या अकराव्या स्कंधाची टीका संपविली, त्यातील निवडक श्लोकांचा ‘भागवत-धर्म-सार’ हा संग्रह विनोबांनी पुढे केला. पण त्यांचीही खरी परीक्षा ग्रंथात झाली नाही. ती झाली देवघर येथे. सुलतानगंजला गंगा भरून यात्रेकरू खांद्यावरच्या कावडी घेऊन ज्या वैद्यनाथाकडे पायी जातात, तेच हे देवघर. १९३४ साली हरिजन-दौऱ्यात तेथे गांधींच्या मोटारीवर हल्ला झाला होता. १९ सप्टेंबर १९५३ रोजी विनोबा हरिजन सहकाऱ्यांसह दर्शनास गेले असता पंड्यांनी त्यांस मारहाण केली. विनोबांच्या कानावर आघात बसला. ज्या देवाला गंगेची कावड चालते त्याच्या दारात माणूस चालत नाही, हे पाहून नाथांच्या गाढवाची आठवण कोणा मराठी माणसाला झाली नसेल? मारणाऱ्यांस शिक्षा होऊ नये, असे विनोबांनी निवेदन काढले. हा क्षमेचा डौल होता, असे म्हणणारे तेव्हाही होते. आम्ही त्यास १९१६ च्या वादसभेतील वाक्याचा उत्तरार्ध समजतो. दुसरा कोणी नाही, असे ज्याने म्हटले, त्याने फिर्याद कोणावर करावी?

पंढरपूरची हकीकत निराळी. तेथील दार हरिजनांस उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले होते, आणि दार उघडले होते. मे १९५८ मध्ये सर्वोदय संमेलनासाठी विनोबा पंढरीस आले, तेव्हा त्यांच्या पदयात्रेत अन्य धर्मांचीही माणसे होती. त्यांना सोडून आपण आत जाणार नाही, हा त्यांचा बाणा ठाऊक असताही मंदिराच्या बडव्यांनी आपण होऊन सर्वांस निमंत्रण दिले. देवघरचा अनुभव पाच वर्षांपूर्वीचाच होता. विनोबा एका मुसलमान व एका ख्रिस्ती सहकारिणीसह गाभाऱ्यात गेले, विठ्ठलाच्या पायांवर त्यांनी मस्तक ठेवले, आणि बराच वेळ त्यांना बोलता आले नाही.