विषाणुबाधित संगणकाच्या भागांचा पुनर्वापर

विषाणूने बाधित झालेला संगणक उकलून त्याचे सुस्थितीतील भाग दुसऱ्या संगणकात निर्धोकपणे बसविण्याची प्रक्रिया. संगणकविषाणू ही स्वतःची प्रत अन्यत्र लिहिणारी आज्ञावली असल्यामुळे, वीज बंद झाल्यावरही लिहिलेले धरून ठेवणाऱ्या भागातच तिला कायमचे वास्तव्य करता येते. कोणता भाग ठेवावा व कोणता संशयित मानावा, याचा निर्णय याच तत्त्वावर करावयाचा असतो.

अशा पुनर्वापराची गरज लहान गावांत विशेष भासते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे उल्कापाताने निर्माण झालेल्या खाऱ्या सरोवरामुळे जगविख्यात असले, तरी रेल्वेमार्गावर नसलेले तालुक्याचे गाव आहे. अशा ठिकाणी सेतू केंद्र, शाळा किंवा झेरॉक्सचे दुकान चालविणाऱ्यास नवा सुटा भाग बहुधा मोठ्या शहरातून मागवावा लागतो. म्हणून विषाणूच्या धास्तीने चांगला संगणक भंगारात घालणे हे खर्चाच्या दृष्टीने तोट्याचे व तांत्रिक दृष्ट्या निराधार ठरते. पेटी, पंखा, वीजपुरवठ्याचा संच, पडदा आणि प्रक्रियक (प्रोसेसर) यांना विषाणूचे भय व्यवहारतः नाही. रॅममधील मजकूर वीज तुटताच काही क्षणांत, फार तर काही मिनिटांत, नष्ट होतो. वीजपुरवठ्याच्या संचात पाहावयाचे ते विषाणू नव्हे, तर विजेच्या चढउताराने फुगलेले कपॅसिटर.

खरी खबरदारी हार्ड डिस्कची. ‘क्विक फॉरमॅट’ने केवळ अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तसाच राहतो, शिवाय लाहोर येथे 1986 मध्ये निर्माण झालेल्या ‘ब्रेन’पासून अनेक विषाणूंनी आरंभखंडातच (बूट सेक्टरमध्ये) ठाण मांडलेले आढळते. म्हणून बाधित डिस्कवरून संगणक कदापि सुरू न करता, निर्दोष संगणकावर तयार केलेल्या लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून तो सुरू करावा, डिस्क केवळ वाचनापुरती जोडून आवश्यक दस्तऐवज व छायाचित्रे काढून घ्यावीत, आज्ञावली मात्र एकही घेऊ नये, आणि मग आरंभखंडासह संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहावीत. एसएसडीसाठी उत्पादकाने दिलेली ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा वापरणे इष्ट, कारण तिच्यातील काही राखीव जागा सामान्य लेखनाच्या आटोक्यात येत नाहीत. काढून घेतलेले वर्ड व एक्सेलचे दस्तऐवजही मॅक्रो (दस्तऐवजात दडलेल्या आज्ञा) बंद ठेवून तपासावेत. दुकानोदुकानी फिरणाऱ्या पेन ड्राइव्हमधून घेतलेले मराठी फाँट व फुकटच्या आज्ञावली हा पुनर्बाधेचा नेहमीचा मार्ग होय.

मदरबोर्डचा विचार निराळा करावा लागतो. 26 एप्रिल 1999 रोजी ‘सीआयएच’ या विषाणूने बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीच्या) चिपमधील मजकूर पुसून असंख्य मदरबोर्ड निकामी केले, आणि 2018 मध्ये उघडकीस आलेला ‘लोजॅक्स’ तर डिस्क बदलल्यावरही चिपमध्ये टिकून राही. असे प्रकार विरळा आहेत. तथापि शंका असल्यास निर्दोष संगणकावरून उत्पादकाकडील बायोस उतरवून तो नव्याने लिहावा. मदरबोर्डवरील बॅटरी काढून पुन्हा बसविल्याने केवळ मांडणीच्या नोंदी पुसल्या जातात, बायोस नव्हे. हा गैरसमज दुरुस्तीच्या व्यवसायात फार रूढ आहे. यूएसबीच्या नियंत्रकात फेरफार करता येतो हे 2014 मध्ये सिद्ध झाले, म्हणून अनोळखी पेन ड्राइव्ह बाद करणेच शहाणपणाचे.

महाराष्ट्रातील विषाणुप्रतिबंधाची मोठी परंपरा दुरुस्तीच्या दुकानातूनच निघाली. पुण्यात यंत्रदुरुस्ती करणारे कैलास काटकर यांच्याकडे विषाणुबाधित संगणक येऊ लागल्यावर त्यांचे बंधू संजय यांनी त्यांवर उपाय म्हणून आज्ञावली लिहिली आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘क्विक हील’ उदयास आली. यंत्र नव्हे, लेखन बाधित होते हे तत्त्व मोठ्या हल्ल्यातही दिसले. 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीने जवाहरलाल नेहरू बंदरातील एका खाजगी टर्मिनलचे काम ठप्प केले, तेव्हाही डिस्कवरील लेखन नासले होते, यंत्रे नव्हे.

सेतू केंद्राच्या डिस्कवर शेतकऱ्यांचे सातबारा, आधारपत्रांच्या प्रती व जातीचे दाखले असू शकतात. म्हणून डिस्क दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ती पूर्ण पुसणे ही केंद्रचालकाची नैतिक जबाबदारी आहे, आणि पुसता न येणारी निकामी डिस्क भंगारवाल्यास न देता फोडूनच टाकावी. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून अमलात असून, उरलेले निरुपयोगी भाग नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे सोपवावेत.