दादाचा रेकॉर्ड

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी वाढायला लागलं, तेव्हा २००५ चा हिशेब धरून आम्ही सामान वर चढवलं. कृष्णा त्या हिशेबाच्याही वर गेली. खालचा कॉम्प्युटर गेला, पण दादाच्या त्याआधीच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क माळ्यावर होती, म्हणून वाचली.

गेल्या वर्षी ती लॅपटॉपला जोडली. ‘प्रिन्स’ नावाचं फोल्डर दिसलं. डबल क्लिक केलं, तर विंडोजने सरळ नकार दिला.

कारण साधं आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ डॉसवर आला १९९० मध्ये. तो १६-बिट प्रोग्रॅम आणि आजचं ६४-बिट विंडोज तसले प्रोग्रॅम चालवतच नाही. शिवाय तेव्हाच्या कित्येक गेम्सचा वेग प्रोसेसरच्या वेगाला बांधलेला असायचा. त्या आजच्या मशीनवर चालल्याच, तरी डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या पळतील.

यावरचा उपाय म्हणजे डॉसबॉक्स. २००२ पासून हौशी प्रोग्रॅमर मंडळी तो फुकट देत आली आहेत. तो नव्या मशीनच्या पोटात एक जुनं मशीन उभं करतो: प्रोसेसर, साउंड ब्लास्टर कार्ड, सगळं सॉफ्टवेअरमध्ये. कंट्रोल आणि एफ-११ दाबलं की मशीन मंद होतं, एफ-१२ ने जलद. आपल्यापैकी अनेक इंजिनिअरांची त्याच्याशी ओळख मात्र गेम्समुळे झालेली नाही. कॉलेजात टर्बो सी-ची निळी स्क्रीन नव्या विंडोजवर उघडायला हाच डॉसबॉक्स लागायचा. गेम्ससाठी केलेलं सॉफ्टवेअर, आम्ही त्यात प्रॅक्टिकलं उरकली!

या गेमची गोष्टही भावांचीच आहे. जॉर्डन मेकनरने १९८५ मध्ये धाकट्या भावाला, डेव्हिडला, पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचा व्हिडिओ घेतला. त्यातली एकेक चौकट गिरवून राजपुत्राची चाल तयार झाली. १९८९ मध्ये गेम ॲपल-टूवर आला. पुढे त्याचा मूळ सोर्स कोड खुद्द मेकनरलाच सापडेना. २०१२ मध्ये वडिलांनी पाठवलेल्या खोक्यात त्या फ्लॉप्या निघाल्या. जाणकारांनी त्या वाचल्या आणि कोड सगळ्यांसाठी खुला झाला.

म्हणजे निर्मात्याकडे कोड नव्हता त्या वर्षांत आमच्या घरी गेम मात्र बिनधास्त चालू होता. तीही फ्लॉपीवरून फ्लॉपीवर आलेली, उघड उघड चोरीची प्रत. चोरीचं समर्थन करत नाही. पण जुन्या गेम्स टिकल्या त्या बऱ्याचदा अशा प्रतींमुळेच, हेही खरं.

डॉसबॉक्समध्ये फोल्डर माउंट केलं, ‘प्रिन्स’ टाइप केलं. तीच धून वाजली. रेकॉर्डच्या यादीत सगळ्यात वर दादाचं नाव होतं. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं मिळतात. त्यातली एकवीस त्याने वाचवली होती. शाळेत असताना अख्खी मे महिन्याची सुट्टी मी त्या आकड्यामागे घालवली होती.

फोटो काढून पाठवला. लगेच दादाचा फोन.

“अरे, तो खोटा आहे. मेगाहिट टाकून वेळ वाढवला होता.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू इतका मन लावून खेळत होतास रे.”

त्या फोल्डरच्या मी दोन प्रती करून दोन ठिकाणी ठेवल्यात. खोट्या रेकॉर्डसकट.