कोर्सवर्क म्हणजे काय रे भाऊ?

आमच्या नारायणगडाच्या पट्ट्यात शिक्षणाची मोजपट्टी ठरलेली आहे. दहावी, बारावी, मग डीएड नाहीतर भरती. त्यापुढे जाऊन कुणी डॉक्टर झालंच, तर पहिला प्रश्न असतो, दवाखाना कुठे टाकला? दवाखान्याशिवायही डॉक्टर होता येतं हे पटवून देणं जरा अवघडच जातं. त्यात घरातली मुलगी मेंदूवर पीएचडी करायला गेलेली असेल, तर विचारूच नका.

माझी भाची न्यूरोसायन्सच्या पीएचडीला लागली. एमएस्सी झाली, नेट झाली, मुलाखती झाल्या. आणि आता ती सांगते की आधी वर्गात बसायचं आहे, पेपर द्यायचे आहेत, आणि ५५ टक्के पडले नाहीत तर पुढे सरकता येणार नाही. ताईचा प्रश्न साधा होता, "संशोधन करायला गेली ना ती? मग पुन्हा परीक्षा कसल्या? आणि स्थळं विचारणाऱ्यांना काय सांगू?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर फोनवर मावणारं नाही. म्हणून ही पोस्ट. ताईसाठी आहे, बाकीच्या मंडळींनीही वाचावी.

आता गंमत अशी की कोर्सवर्क ही कल्पना आपल्याकडच्या लोकांना नवी नाही. नारायणगड म्हणजे आपली धाकटी पंढरी. इथे कीर्तनाला उभा राहणारा महाराज आळंदीला चार वर्षं काढून आलाय का, हे जुनी माणसं बरोबर ओळखतात. जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती १९१७ साली. आधी पाठांतर, अर्थ, गायन, आणि मग स्वतःचं निरूपण. पायाच कच्चा असेल तर निरूपणात तो उघडा पडतोच.

पीएचडीच्या बाबतीत मात्र जगात दोन घराणी झाली. जर्मन विद्यापीठांतून ही पदवी अमेरिकेत गेली. येल विद्यापीठाने १८६१ साली तिथली पहिली पीएचडी दिली. पुढे अमेरिकेत पद्धत रुळली ती अशी, की आधी भरपूर विषय शिका आणि मग प्रबंध लिहा. इंग्लंडने ही पदवी फार उशिरा स्वीकारली, ऑक्सफर्डने १९१७ मध्ये. तिथली रीत वेगळी. मार्गदर्शक गाठा, थेट प्रयोगशाळेत शिरा, प्रबंध द्या.

गंमत म्हणजे दोन्ही घराण्यांची ठळक उदाहरणं आपल्या मराठी माणसांचीच आहेत.

पहिलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या कोर्सेसची संख्या ६०! अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. जातीवरचा त्यांचा गाजलेला निबंध १९१६ साली मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचलेला आहे, अर्थशास्त्राच्या नव्हे. इतके वेगवेगळे विषय का शिकायचे, याचं उत्तर त्या निबंधातच आहे.

दुसरं उदाहरण कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) यांचं. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत गेल्या, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला आणि नंतर दिला तोही वर्षभर काम पाहून ठरवू या अटीवर. पुढे केंब्रिजला त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनाशी संबंधित द्रव्य असतं हे दाखवून दिलं. १९३९ साली पीएचडी मिळाली. प्रबंध अवघ्या ४० पानांचा, तोही साधारण १४ महिन्यांत! विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

मग आपल्या पोरीनेही थेट प्रयोगशाळेत का जाऊ नये? कारण तिचा विषय. न्यूरोसायन्स हे शास्त्र म्हणून फार जुनं नाही. मेंदूच्या पेशींवर गोल्जी आणि काहाल यांना १९०६ साली नोबेल मिळालं खरं, पण तेव्हा शरीररचना पाहणारे वेगळे, वीजप्रवाह मोजणारे वेगळे, वर्तन अभ्यासणारे वेगळे. १९५२ साली हॉजकिन आणि हक्स्ली यांनी मज्जातंतूतला संदेश गणिताच्या समीकरणांत मांडला. १९६० च्या दशकात ही सगळी मंडळी एका छपराखाली यायला लागली आणि १९६९ साली अमेरिकेत सोसायटी फॉर न्यूरोसायन्स स्थापन झाली. म्हणजे हा विषयच मुळात अनेक गावच्या लोकांनी मिळून वसवलेली वाडी आहे. आजही प्राणिशास्त्रवाला, फार्मसीवाला, भौतिकशास्त्रवाला आणि मानसशास्त्रवाली एकाच बाकावर येऊन बसतात. भाचीला प्राण्यांची शरीररचना पाठ आहे, पण समीकरण दिसलं की घाम फुटतो. शेजारच्या मुलाचं नेमकं उलटं. दोघांना एकमेकांची भाषा यावी, म्हणून हे वर्ग. त्यात मेंदूची रचना, पेशींतली वीज, संख्याशास्त्र, आणि प्राण्यांवर प्रयोग करताना पाळायचे नियमही आले.

आपल्या देशात ही अट सक्तीची झाली ती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी. त्याआधी आपण बहुतेक ठिकाणी इंग्लंडच्याच घराण्यातले. २०१६ च्या नियमांत ८ ते १६ क्रेडिट्स होती, २०२२ च्या नियमांत किमान १२, त्यात संशोधनातल्या नीतिमत्तेचा कोर्स धरून. त्यानंतर सल्लागार समितीसमोर दर सत्राला कामाचा हिशेब, शेवटी प्रबंध आणि तोंडी परीक्षा.

पण सगळ्याच अटी शिकवणाऱ्या नसतात, हेही सांगायला हवं. बाबासाहेबांचा अभ्यास केव्हाच झाला होता, पण कोलंबियाची अट होती की प्रबंध छापून द्यायचा. शिष्यवृत्ती संपलेली, पैशाची ओढाताण. पुस्तक छापून निघालं १९२५ साली आणि पदवी मिळाली १९२७ साली. ६० कोर्सेसनी त्यांना घडवलं. छपाईच्या अटीने फक्त थांबवलं. आपल्याकडेही प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे अशी सक्ती होती. तिच्यामुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं चांगलंच फावलं. २०२२ च्या नियमांत ती सक्ती काढली. मला वाटतं, कुठलीही अट समोर आली की एवढंच विचारावं, ही मला काही शिकवते की नुसतं दार अडवते? भाचीचं कोर्सवर्क पहिल्या प्रकारातलं आहे, निदान तिच्या विषयात तरी.

आता ताई, तुझा हिशेब. किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यानंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन. मुलींना त्यावर दोन वर्षांची सवलत आहे आणि बाळंतपण व संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. प्रयोगाचा विषय आहे, तेव्हा पाच-सहा वर्षं धरूनच चाल. २०२३ पासून ज्युनिअर फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनी ४२,०००, म्हणजे खर्चाचं ती बघेल.

शुभा टोळे मुंबईत शिकल्या, पीएचडी अमेरिकेत कॅलटेकला केली, १९९९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या आणि गर्भात मेंदू कसा घडतो यावरच्या कामासाठी २०१४ साली त्यांना इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पहिल्या वर्षीच्या वर्गापासून तिथवरचं अंतर मोठं असतं. आपली पोरगी त्या वाटेच्या पहिल्या फर्लांगावर आहे.

तेव्हा स्थळं विचारणाऱ्यांना सरळ सांग, पोरीची परीक्षा चालू आहे. आणि तिच्या शिक्षणाला सोबत करणारा कुणी असेल तर जरूर कळवा, पण त्याचीही एक तोंडी परीक्षा आम्ही घेणार आहोत.